जेसीबीचं रेडकू

बोळ साडेपाच फूट रुंद. सगळं रामायण त्या साडेपाच फुटांपासून सुरू झालं.

आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी रस्त्यापासून थोडं आत. चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, आजोबांच्या वेळचं. मागं तीस गुंठ्यांचं परडं, आणि त्याचा उतार नेमका घराकडं. पश्चिम अंगाचा पाऊस कसला असतो ते इकडच्यांना सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी जुलैत कणकुंबीला एक रात्र राहून बघावं. परड्यात पडलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि मुरत मुरत आमच्या मागच्या भिंतीला येऊन टेकतं. ऑगस्ट लागला की भिंतीला कमरेइतकी ओल. भाताच्या पोत्यांखाली फळ्या, फळ्यांखाली विटा, तरी दिवाळीला तळाची पोती काळी पडलेली.

गवंडी म्हणाला, भिंतीपासून लांब चर मारा, छिद्रांचा पाइप टाका, खडीनं भरा आणि पाणी बाजूच्या ओढ्याला काढा. 'लांब' हा शब्द त्यानं तीनदा उच्चारला. जुन्या घराचा पाया जेमतेम अडीच फूट. त्याला चिकटून साडेतीन फूट खणलं तर ओल जायच्या आधी भिंतच जायची. चार फूट सोडून बासष्ट फूट लांबीचा चर ठरला.

जेसीबीवाला आला. परड्यात जायच्या त्या बोळाच्या तोंडाशी आला, आणि मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाला, "शेजारची कंपौंड वॉल काढा, मग बोलवा." त्याचं बरोबरच होतं, जेसीबी सात फुटांच्या वर रुंद. शेजारचे अण्णा सौंदत्तीकडचे, कन्नड, भला माणूस. पण ती भिंत त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून बांधलेली. तिला हात लावायचा विषय काढायला माझी जीभ रेटेना. छोटा एक्स्कॅव्हेटर भाड्यानं मिळतो का ते पाहिलं. मिळाला एक, पण रोजावर, ने-आण वेगळी, आणि तारीख दीड महिन्यानंतरची. मग दोन गडी लावले. पहिल्या दिवशी तांबड्या मातीतून दणक्यात गेले. दुसऱ्या दिवशी दोन फुटांवर जांभा लागला. तिसऱ्या दिवशी गडी आलेच नाहीत.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एकतीस वर्षं काढली. आधी लेथवर, मग ग्राइंडिंगला. बेळगावात हायड्रॉलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आमच्या शॉपमध्ये वाल्वचे स्पूल व्हायचे, म्हणजे आत सरकून तेलाची वाट उघडणारे-बंद करणारे दांडे. स्पूल आणि त्याचं भोक यांच्यात पाच-दहा मायक्रॉनची जागा, म्हणजे केसाचा दहावा हिस्सा. त्यामुळं हायड्रॉलिकचं मशीन म्हटलं की आपल्याला कुणी काय शिकवायचं, ही मस्ती अंगात होतीच. २०२२ ला रिटायर झालो तेव्हा हातात वेळ आणि मोबाइल एकदमच आले. मोबाइलवर ते मशीन दिसलं.

जेसीबीचा फक्त मागचा हात कापून दोन चाकांच्या गाड्यावर बसवला तर जे होईल ते. पुढं ट्रॅक्टरला अडकवायचा दांडा, मध्ये १३ एचपीचं पेट्रोल इंजिन, त्याला जोडलेला, तेल दाबानं सोडणारा गिअर पंप, एक पत्र्याची सीट, सहा लिव्हर, दोन बाजूंना टेकायचे जॅक आणि मागं बूम म्हणजे हाताचा दंड, डिपर म्हणजे कोपरापुढचा भाग, आणि टोकाला बकेट. वजन साडेपाचशे किलो. जॅक वर घेतले की रुंदी चार फूट आठ इंच. चाकांना स्वतःची ताकद नाही. ओढून न्यायचं, टेकवायचं आणि बसल्या जागी खणायचं. चिकोडीकडच्या एका बागायतदारानं नवं घेतलेलं, वर्षभर शेडमध्ये उभं होतं. दोन लाख साठ हजारांचं मशीन एक लाख साठला द्यायला तयार. एक लाख सोडून माणूस का विकतोय, हा प्रश्न तिथं विचारायला हवा होता. मी विचारलं, पिना कुठल्या स्टीलच्या आहेत. "त्ये काय मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडं बघून लगेच पाच हजार कमी केले. मी ते माझं चातुर्य समजलो.

ओढत आणायचा मोह झाला होता, पण रस्त्यावर ट्रेलरलाही नंबर लागतो. ह्याला नंबर नाही, ब्रेक नाही, दिवे नाहीत, ॲक्सलखाली पाटे नाहीत. पिकअपमध्ये चढवून संकेश्वर, हत्तरगी, काकती करत हायवेनं आणलं. गल्लीत उतरवताना पोरं गोळा झाली. त्यातलं एक ओरडलं, "जेसीबी व्यालं बघ!" त्या दिवसापासून त्याचं नाव रेडकू. अण्णा फाटकाशी आले. "एनरी इदु?" हे काय? मी म्हटलं, चर मारायचं मशीन. त्यांनी मशीनकडं पाहिलं, मग आपल्या भिंतीकडं पाहिलं, मग दोन्हींमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि आत गेले.

पहिल्या दिवशी मी खणलं काहीच नाही. बकेट जमिनीत रुतवली, डिपरची लिव्हर ओढली, आणि जमीन जागची हलली नाही. मीच मशीनसकट फूटभर बकेटकडं सरकलो. पुन्हा तेच. ही म्हणाली, "ते जमिनीला खणतंय की जमीन त्याला ओढतीय?" हिशेब साधा होता आणि मला शरम वाटण्याइतका सोपा. डिपरचा सिलिंडर आतून ६३ मिलिमीटर व्यासाचा. तेलाचा दाब १६० बार असला की तो पाच टनांचा जोर लावतो. तरफेत त्यातला बराच जातो, तरी दातांशी टनाच्या आसपास उरतो. आणि मशीन स्वतः अर्ध्या टनाचं. म्हणजे ओढाओढीत कोण हरणार हे ठरलेलंच. मोठ्या जेसीबीचं सात-साडेसात टन वजन उगाच नसतं. जेसीबी नुसत्या हातानं खणत नाही, अंगानंही खणतो.

मग अंग वाढवलं. जॅकच्या सपाट थाळ्यांना वेल्डरकडून दात लावून घेतले, लांडग्याच्या पंजासारखे. पुढच्या दांड्यावर वाळूची सहा पोती. जिथं जांभा लागेल तिथं दांड्याच्या बाजूनं साखळीनं आंब्याच्या बुंध्याला बांधायचं, बुंध्याला गोणपाट गुंडाळून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घास लहान घ्यायचा. पूर्ण बकेट भरायची हाव सोडली की ते खणायला लागतं. चार इंचांचा थर खरवडायचा, बकेट वळवायची, उचलायची. हे कळायला मला तीन दिवस लागले. बारा वर्षांच्या पुतण्याला अर्ध्या तासात कळलं होतं, पण तेव्हा मी त्याला सीटवरून उतरवलं होतं.

जागा बदलायची रीत मात्र मला पहिल्या पाहण्यातच आवडली. जॅक उचलायचे, बकेट जमिनीत रोवायची आणि बूमनं स्वतःलाच ढकलायचं. मशीन फूट-दीड फूट सरकतं. पुन्हा जॅक, पुन्हा खणणं. पावसाळ्यात भाताच्या बांधावर खेकडा चालतो तसं. चराच्या बाबतीत हे सोयीचंच, कारण खणत खणत मागं मागं सरकायचंच असतं. फक्त बोळातून बाहेर काढताना ट्रॅक्टरही आत येत नाही, तेव्हा बासष्ट फूट खेकडाचाल करत जावं लागतं. अण्णा त्या वेळी भिंतीपलीकडं खुर्ची टाकून बसतात.

आता पिनांचं. आठव्या-नवव्या तासाला बकेट आडवी हलायला लागली. बूमच्या मुळाची पिन काढली आणि व्हर्निअर लावला. पिन २४.३, भोक २६.१. जवळजवळ दोन मिलिमीटर. ज्यानं आयुष्यभर मायक्रॉन मोजले त्याच्या नशिबी हे. भोकात बुश, म्हणजे पिनेभोवतीची झीज सोसणारी नळी, नाहीच, नुसतं पत्र्याला पाडलेलं भोक, ग्रीस भरायच्या निपलचा पत्ता नाही. पिन कानशीनं घासली तर लोण्यासारखी घासली गेली. हार्डनिंगचं नावच नको. बागायतदाराला मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर असं हातात आलं.

जुन्या शॉपमधला सोबती अजून लेथवर असतो. त्याच्याकडं अकराही पिना नव्या करून घेतल्या. ई एन एट जातीच्या स्टीलच्या पिना, वरून इंडक्शन हार्डनिंग, भोकं बोअर करून गनमेटलचे बुश, आणि प्रत्येक पिनेला मधून भोक पाडून ग्रीस निपल. बुशात मी दहा शतांश मिलिमीटर जागा ठेवली. सोबती हसला. "मातीचं मशीन हाय ते गा, स्पूल न्हवं. ढिलं सोड जरा." मी सोडली नाही. पहिल्याच आठवड्यात दोन बुश बारीक धुळीनं आवळून बसले. मग सोडली.

तेलाचीही तीच तऱ्हा. टाकी उघडली तर आत परतणारं तेल गाळणारा रिटर्न फिल्टर नाही, तळाला रंगाचे पापुद्रे आणि वेल्डिंगचे मणी. तसलं तेल पंपातून फिरलं की पंपाचं आयुष्य किती, हे मला कुणी सांगायला नको होतं. सगळं उपसून टाकी धुतली, रिटर्नला २५ मायक्रॉनचा फिल्टर बसवला आणि ६८ नंबरचं तेल भरलं. प्रेशर गेज लावून पाहिलं तर काटा २१० वर. आधीच्या कुणीतरी जोर कमी पडतो म्हणून दाबाची हद्द ठरवणाऱ्या रिलीफ वाल्वचा स्क्रू आवळत नेला होता. तो १६० वर आणला. जोर कमी पडत होता तो प्रेशरचा नव्हता, वजनाचा होता. पण हे न कळल्याचा दंड बूमनं भरला होता. गसेटच्या, म्हणजे जोडाला बळकटी देणाऱ्या पट्टीच्या, टोकाला केसासारखी चीर होती. ती ग्राइंडरनं पूर्ण उकरून, ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड आधी भाजून घेऊन, वेल्डरनं भरली आणि वरून पट्टी मारली. नुसती वरून लिंपली असती तर महिन्याभरात पुन्हा उघडली असती.

होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, फुटला त्या दिवसाबद्दल जरा सांगतो, कारण इथं माणसं चुकतात. आधी तो फुटला नाही, नुसता घामेजला. इंजिन चालू, प्रेशर चढलेलं, आणि कुठून गळतंय ते बघायला पुतण्यानं हात पुढं केला. मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की अण्णा भिंतीपाशी धावत आले. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून १६० बारनं निघालेलं तेल दिसत नाही, पण कातडीतून आत शिरतं. बाहेरून डास चावल्यासारखं दिसतं, आणि आत बोट सडायला लागतं. आमच्या शॉपमध्ये एका पोराचं बोट असंच गेलं होतं. दुखत नाही म्हणून तो दुपारी डबा खाऊन मग सांगायला आला. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, तेही लांबून. इंजिन बंद करून लिव्हर चारी दिशांना हलवायच्या, बूम जमिनीवर टेकलेला ठेवायचा, मगच होजला हात. सगळे होज त्याच आठवड्यात डबल वायरचे करून घेतले. पुतण्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

चर मारायला सुरुवात केली ती दिवाळीनंतर. ही अक्कल मात्र जुन्या माणसांची. पावसाचा ओलावा आत असेपर्यंत जांभा कुदळीला मऊ असतो. ऊन-वारा लागला की तो घट्ट होत जातो. खाणीतून चिरा ओला असतानाच कापतात तो त्यामुळंच. मी पहिला प्रयत्न एप्रिलमध्ये केला होता, तेव्हा बकेटचे दात नुसते ठिणग्या काढत होते. नोव्हेंबरमध्ये त्याच जागी, रात्री पाणी सोडून ठेवलं तर सकाळी चार-सहा इंच निघायचे. तांबड्या मातीत तासाला वीस फूट, जांभ्यात दिवसाला चार. जांभ्याखाली शेडू लागला, पांढरट-पिवळा, साबणासारखा चिकणमातीचा थर, आणि तिथं पाणी थांबलेलं दिसलं. ते बघून मी इंजिन बंद केलं. इतकी वर्षं भिंतीत चढणारं पाणी नक्की कुठून येतं ते तिथं उघडं पडलं होतं. जेसीबी असता तर मीटर चालू म्हणून तो पुढं गेला असता आणि मी त्याला थांबवायलाही धजलो नसतो. इथं मी चहा मागवला, चरात पाय सोडून बसलो आणि पाणी कुठल्या बाजूनं झिरपतंय ते तासभर नुसतं पाहिलं. पाइप ठरवल्यापेक्षा पाच इंच खाली घ्यायचं तिथंच ठरलं.

उताराला गवंड्याचा लेव्हल पाइप वापरला. शंभराला एक, म्हणजे बासष्ट फुटांत साडेसात इंच. माती चराच्या काठापासून निदान दोन फूट लांब टाकायची, नाहीतर काठ तिच्या वजनानं आत येतो. जिथं खोली चार फुटांच्या वर गेली तिथं आत कुणाला उतरू दिलं नाही. तळ साफ करायचा तो लांब दांड्याच्या फावड्यानं, वरून.

ही माती लांब टाकायचा नियम पाळत असताना एकदा घोटाळा झालाच. परड्याच्या उतरत्या बाजूला भरलेली बकेट फिरवली. त्या बाजूचा जॅक कालच्याच भरावावर टेकलेला, आणि ते माझ्या लक्षात नाही. आधी सीट हळूच कलली, होडी कलते तशी. मग जॅक मऊ मातीत सरसर जायला लागला. डावं चाक उचललं गेलं. उडी मारायची अशी इच्छा होते, आणि उडी मारायची ती कलत्या बाजूलाच पडते. मी लिव्हर सोडल्या. त्या आपोआप मधल्या जागी येतात एवढी चांगली गोष्ट त्या मशीनमध्ये आहे. मग एकच लिव्हर हळू ढकलून बकेट खालच्या बाजूला जमिनीवर टेकवली. बूम तिसऱ्या पायासारखा उभा राहिला आणि कलणं थांबलं. इंजिन धडधडत होतं, त्याहून जास्त मी. भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला, "इळियरी, मास्तर, निधानक्क." हळू उतरा. मी मास्तर नाही, पण त्या दिवशी दुरुस्ती केली नाही. तेव्हापासून जॅकखाली जुन्या दाराच्या सागवानी फळ्या असतात, आणि भरलेली बकेट चढाच्या बाजूलाच फिरते.

पैशांचं विचारतात सगळे, तर सांगतो. मशीन एक लाख पंचावन्न हजार. पिना, बुश, होज, फिल्टर, तेल, वेल्डिंग मिळून साडेएकेचाळीस. इंजिनला मी तासाचं मीटर लावलंय, त्यावर आता ११० तास आहेत. पेट्रोल तासाला पावणेदोन लिटरच्या आसपास, म्हणजे आणखी साधारण वीस हजार. भागून बघा, तासाला दोन हजारांच्या जवळ. आमच्याकडं जेसीबी बाराशे रुपये तास, आणि तो तासात जे करतो ते करायला रेडकाला अख्खा दिवस लागतो. हिला हा हिशेब मी दोन वेळा वेगवेगळ्या पद्धतीनं मांडून दाखवला, तिनं दोन्ही वेळा "आणि तुमचा रोज?" एवढंच विचारलं. मोकळं रान असेल, ट्रक फिरेल एवढी जागा असेल, तर असलं मशीन घेऊ नये, दोन दिवस जेसीबी आणावा आणि मोकळं व्हावं. ज्याला पाना धरता येत नाही त्यानं तर फुकट मिळालं तरी घेऊ नये, कारण स्वस्त मशीन अर्धंच बनवलेलं असतं आणि उरलेलं अर्धं आपण बनवायचं असतं. मी ते अर्धं बनवण्यात रमलो, ही गोष्ट वेगळी.

चरानंतर विहिरीपासून पाइपलाइनचा दोनशे फूट चर झाला, तो तांबड्या मातीत, म्हणून तीन सकाळींत उरकला. नारळाचे सात खड्डे झाले, तीन फूट बाय तीन फूट. एक जुनं फणसाचं खोड काढायला गेलो आणि चार दिवसांनी सोडून दिलं. ते अजून तिथंच आहे, त्यावर आता पोरं बसतात.

यंदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा दुसऱ्या रात्री बॅटरी घेऊन ओढ्याच्या काठाला गेलो. पाइपच्या तोंडातून अंगठ्याएवढी धार, आधी गढूळ, पहाटेपर्यंत निवळ. ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावून पाहिला. खालचा वीतभर भाग अजून थंड लागतो, पण वर कोरडी आहे. भाताची पोती ह्या वर्षी फळीवरच आहेत, विटा काढल्या.

गेल्या रविवारी अण्णा फाटकातून आत आले, पहिल्यांदाच. त्यांच्याही मागच्या अंगाला पाणी साचतं. त्यांच्या परड्यात जायला वाट एकच, आमच्या बोळातून, आणि मध्ये त्यांचीच भिंत. मी म्हटलं, रेडकू देतो, पण चालवणार मी. त्यांनी मान हलवली आणि खिशातून मोजपट्टी काढली. भिंतीला कुठं फाटक पाडायचं ते त्यांनी आधीच खडूनं आखून ठेवलं होतं. रुंदी पाच फूट.

हात आडवा फिरवणाऱ्या स्विंगच्या सिलिंडरचा रॉड सील थेंब थेंब गळतोय, त्याखाली सध्या हिचा जुना डबा ठेवलाय. सोमवारी उद्यमबागेला जाऊन सील किट आणायचं आहे.